पुन्हा नमुना द्यायला या

पहिल्या भेटीत मी त्याला जे दिलं, ते सहसा कुणी कुणाला देत नाही. काचेची छोटी बाटली, वर कागद गुंडाळलेला, आणि आत... अजून कोमट.

"सकाळची पहिलीच ना?" प्रयोगशाळेच्या खिडकीतून त्याने विचारलं. इतक्या हळुवारपणे, की मी चक्क लाजले.

नव्या नोकरीसाठी साधी तपासणी होती. दुपारी त्याचाच फोन आला. "लघवीत साखर खूप दिसतेय. पुन्हा नमुना द्यायला येता?"

आमच्याकडे दागिने नाहीत, साखर मात्र पिढीजात. तिने आत्याचा पाय नेला, बाबांची नजर नेली. बाबा आता माझ्याशी बोलताना कपाटाकडे बघून हसतात. आईला काहीबाही सांगून मी निघाले. वाटेत एक डोळा झाकून पाट्या वाचत गेले... सवय असावी म्हणून.

तो दारातच उभा होता, हातात माझी बाटली.

"खूप म्हणजे... किती?"

"तपासणीची पट्टी पार काळपट झाली. एवढी साखर असलेला माणूस उचलून आणावा लागतो."

"मी बसने आले."

"तेच म्हणतोय मी." त्याने बाटली उजेडात धरली. झाकणाच्या आट्यांत काहीतरी लाल चिकटलं होतं. "हे काय?"

मी वाकून पाहिलं. "...जॅम."

"बाटली धुतली नव्हती?"

"पुसली होती."

हसू दाबता दाबता त्याचे कान लाल झाले. मला मात्र हसू येईना. मी बाबांचं सांगितलं, आत्याचं सांगितलं. त्याने नवी डबी पुढे केली.

नव्या नमुन्यात त्याने दुसरी पट्टी बुडवली. तो पट्टीकडे बघत होता, मी त्याच्याकडे. खांद्याला खांदा लागला होता — आणि हलायची दोघांचीही छाती होईना. पट्टीचा रंग... बदललाच नाही.

"साखर नाही," तो म्हणाला. "दिवसभर अहवालच लिहितो मी. तुमचा लिहायला मात्र हात धजेना."

मला रडू फुटलं. रुमाल नव्हता, म्हणून त्याने कापसाचा अख्खा गठ्ठा दिला.

"तरी रक्त तपासून घ्या. घरात आहे ना."

"सुई कोण टोचणार?"

"मी."

"भीती वाटते."

"मलाही," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "उद्या सुट्टी आहे माझी. सकाळी बागेत याल का... विचारायचं होतं."

मी मान डोलावली. जिन्यापर्यंत पोचले, तोच मागून घाईघाईने आवाज आला —

"आणि... उपाशीपोटी येऊ नका!"