शेवटी नाव सांगणारी बाई

लढाईचे दिवस होते ते, त्रेचाळीस सालचा भादवा. लाख मिळेनाशी झाली होती आणि लाखेवाचून गाण्याची तबकडी होत नाही. म्हणून दुकानदारांचा दंडक पडला, जुनी तबकडी आणा, तरच नवी मिळेल. लोणावळ्याच्या बाजारात फोनो दुरुस्त करणारा इकबाल त्यापायीच सायकलीला गोणपाटाची पिशवी बांधून गावोगाव फिरायचा. तबकडी मिळाली की गुडघ्यावर मोडायची आणि तुकडे पिशवीत टाकायचे. वितळवायचीच, तर आख्खी जपून न्यायची कशाला?

पोरगा वाईट नव्हता हो. गळाही गोड. घरी आई, अजीजुन्निसा. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. इकबाल गल्लीच्या तोंडापासून सिनेमातलं गाणं म्हणत यायचा, ते ऐकून ती कडी काढायची. लेक म्हणजे तिला नुसता आवाजच उरला होता.

त्या दिवशी दुपारी तो लोणावळ्याजवळच्या औंढे गावी झुंबरबाईकडे गेला. म्हातारीचा नवरा महिपती एका बंगल्यावर माळी होता. मालकानं बंगला सोडताना फोनो आणि एक तबकडी त्याला देऊन टाकलेली. आता नातीला नवी गाणी हवी होती, म्हणून म्हातारी जुनी द्यायला राजी झाली, पण एक अट घालून.

"मोडायच्या आदी येकडाव शेवटपतुर ऐक. गानं सपलं की बाई आपलं नाव सांगती. त्ये ऐकल्याबिगर मोडू नगंस."

जुन्या तबकड्यांवर असायचंच तसं. गाणारी माणसं शेवटी आपलं नाव पुकारून मोकळी व्हायची. ह्या तबकडीवरचा कागद कसरीनं खाल्लेला, म्हणजे वाचून कळायची सोय नव्हती. इकबालनं विचारलं, कोण ही बाई? म्हातारी म्हणाली, हिला ऐकायला पुण्याहून लोक गाड्या जुंपून यायचे, आणि तुम्हा पोरांना तिची ओळखसुद्धा नाही! इकबाल हसला. ज्याचा त्याचा जमाना असतो मावशी, म्हणाला, तुमच्या वेळची नावं आम्ही का पाठ करायची? उद्या आमचे गाणारेही कुणाला ठाऊक नसतील. आता खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. म्हातारीही वाद घालत बसली नाही. तिचं नाव तिला सांगू दे, एवढं बजावून ती चहा टाकायला आत गेली.

इकबालनं चावी दिली. खरखरीतून एक बारीक, धारदार आवाज वर आला. बाई गात होती आणि ह्याचं लक्ष दाराबाहेर. धुकं खाली उतरत होतं, समोरचा गोठा दिसेनासा झाला होता. गाणं संपलं. बाईनं श्वास घेतला, तो स्पष्ट ऐकू आला. आणि नेमकी तेव्हाच इकबालनं पिन उचलली. तबकडी गुडघ्यावर घेतली अन् कट्‌कन मोडली.

म्हातारी कप घेऊन बाहेर आली. "सांगितलं का नाव?"

"सांगितलं की."

"मग ध्यानात ठिव बाबा. आता माज्यामागं तुज्याबिगर तिला कुनी न्हाई."

इकबालनं दोन्ही तुकडे पिशवीत टाकले. चहाचा कप तसाच ठेवून तो निघाला.

वाटेत धुकं इतकं दाटलं की सायकलीचं पुढचं चाक दिसेना. तो उतरून सायकल ढकलू लागला. ओल्या गोणपाटाचा वास, चाकाची करकर, बाकी सगळं गप्प. आणि मग पिशवीतून गाणं सुरू झालं... तेच. तसंच संपलं. श्वास घेतला. पुढं काही नाही. कुणीतरी थांबून वाट बघतंय, एवढंच कळत होतं. पुन्हा गाणं, पुन्हा श्वास, पुन्हा ते थांबणं. त्यानं आठवतील तेवढ्या जुन्या गाणाऱ्या बायांची नावं घेऊन पाहिली. दोनच आठवली, आणि दोन्ही चुकली असावीत. गाणं काही थांबेना.

मग घाबरलेला माणूस करतो तेच त्यानं केलं. मोठ्यानं आपलं नेहमीचं गाणं म्हणायला लागला. पिशवी एकदम गप्प झाली. हायसं वाटून त्यानं तेच गाणं चार वेळा म्हटलं. पाचव्यांदा मात्र गळ्यातून नुसती खरखर निघाली. सायकल थांबवून त्यानं पिशवी उघडली. बाकी सगळे तुकडे होते. झुंबरबाईच्या तबकडीचे तेवढे दोन नव्हते.

तो धावत सुटला. सायकल तिथंच पडली. झुंबरबाईला खोटं सांगितलेलं, तिच्याकडे परत कुठल्या तोंडानं जायचं? अम्मा जुन्या वळणाची, तिला त्या बाईचं नाव ठाऊक असेल. नाव घेऊ, हात जोडू, चुकलो म्हणू. एवढी एकच आशा होती त्याला.

दार बंद होतं. त्यानं कडी वाजवली.

"कोण आहे?" आतून आई म्हणाली.

"अम्मा, मी..." आवाज फाटका, परका आला. आणि पुढचा शब्दच सुचेना. आईचं नाव आठवत होतं, मेलेल्या बापाचं आठवत होतं. स्वतःचं मात्र काही केल्या जिभेवर येईना. "अम्मा... मी तुझा..."

"कोण पाहिजे, भाऊ? माझा इकबाल मघाशीच आला. आत गातोय बघा."

आत खरंच कुणीतरी गात होतं. त्याचंच गाणं, त्याचाच गोड गळा. तो दाराला कान लावून उभा राहिला. गाणं संपलं. आतल्यानं श्वास घेतला. ह्यानं दोन्ही हातांनी दार बडवलं, ओरडायला तोंड उघडलं, पण खरखरीपलीकडे काही निघालं नाही.

मग आतून, इकबालच्या आवाजात, सावकाश अन् ठसठशीत ऐकू आलं, "इकबाल राजमहंमद, लोणावळा."

"वेडा कुठला," आई आत हसत म्हणाली, आणि बाहेर कोण धडका मारतंय म्हणून तिनं दाराला अडसर घातला.