बेल वाजते, दारात कोणी नसतं

"आई, आज उशीर होईल. नोएडाला जायचंय, भूत बघायला."

कॉलेजच्या कँटीनच्या लाइनीत उभा राहून मी फोनवर मोठ्याने बोलत होतो. बिनधास्त. दिल्लीत मराठी ऐकतंय कोण?

"ते बघून झालं की आमच्याकडे पण ये," मागून आवाज आला. "मयूर विहारला. मेट्रोने वाटेतच पडतं."

वळून बघितलं. मफलर नाकापर्यंत, हातात चहाचं कुपन. फक्त डोळे दिसत होते… हसणारे.

"तुमच्याकडे पण भूत?"

"माझे बाबा आहेत," ती म्हणाली. आता डोळे हसत नव्हते.

ही वृंदा. मी गुणवंत. आजोबांचं नाव ठेवलंय, काय करणार! कॉलेजात सगळे गुन्नू म्हणतात.

लेक्चर संपली की फिजिक्स लॅबच्या मागच्या खोलीत आमचा क्लब भरतो. कुणी म्हटलं घरात भूत आहे, की आम्ही जाऊन कारण शोधतो. नोएडाचं भूत एसीच्या डक्टमध्ये अडकलेली मांजर निघालं. आमचा नियम एकच. कारण दोनदा करून दाखवता आलं, तरच ते खरं.

मेट्रोत वृंदाने सगळं सांगितलं. तिचे बाबा, भालचंद्र, इथे केंद्राच्या मंत्रालयात नोकरीला होते. कोविडच्या दुसऱ्या लाटेत अॅम्ब्युलन्समध्ये बसून गेले, ते परत आलेच नाहीत. चेहराही बघू दिला नाही कुणाला. आणि काही महिन्यांनी, संध्याकाळी त्यांच्या यायच्या वेळी, घराची बेल वाजायला लागली. दार उघडलं की बाहेर कोणीच नाही.

"दिवसा पण कधीमधी वाजते. तेव्हा आई उठत पण नाही. संध्याकाळची मात्र… दोन वर्षं झाली, आई संध्याकाळी घराबाहेर पडली नाहीये. मामा पुण्याला बोलावतोय. आई म्हणते, मी गेले तर ह्यांना दार कोण उघडणार?"

"आणि कारण सापडलं तर?"

"तर जाऊ आम्ही. पुण्याला."

मी म्हटलं, अच्छा. तेव्हा मला काय फरक पडत होता?

पहिल्या दिवशी तिच्या घरी बसलो होतो. काकूंनी दोन कप चहा आणला. एक माझा. दुसरा रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला. आणि बेल वाजली… अगदी साधी, टिंगटाँग. काकूंनी पदर सारखा केला, दार उघडलं आणि हळूच विचारलं, "आलात?"

बाहेर फक्त धुकं. माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू.

मग मी रोजच जायला लागलो. लिफ्टने थेट तिसरा मजला. दाराबाहेरच्या पायरीवर मी आणि वृंदा, मधे शेंगदाण्यांची पुडी. दोघांची नजर दारावरच्या बटणावर. वायरलेस बेल होती ती, बटण बाहेर, डबा आत. बटणाला कुणी हात लावायचं नाही. आत बेल वाजायची. मी सेल बदलून बघितले. बटण काढून खिशात ठेवलं, तरी वाजली.

"घाबरलास?"

"भुताला नाही. तुझ्या आईच्या आवाजाला."

तिने शेंगदाणे सोलून माझ्या तळहातावर ठेवले, एकेक करून. तिची बोटं बर्फासारखी गार होती. मी मूठ बंद केली… तिच्या बोटांसकट.

"यार गुणी, शेंगदाण्यांचा चुरा होईल." गुणी फक्त तीच म्हणायची.

"होऊ दे."

तिने हात काढला नाही.

"कारण सापडलं की येणं बंद करशील ना?" तिने विचारलं.

"दोनदा करून दाखवावं लागतं. म्हणजे अजून दोन संध्याकाळी तरी येईनच."

"मग हळू शोध."

एक दिवस लिफ्ट बंद होती. जिना चढत होतो. माझ्या पुढे ऑफिसची बॅग घेतलेला एक माणूस होता. दुसऱ्या मजल्यावर थांबला, त्याने स्वतःच्या दारावरची बेल दाबली. आत टिंगटाँग. आणि वर पण… टिंगटाँग.

वरचं दार उघडलं. "आलात?"

मी जिन्यातच बसलो. इतके दिवस आम्ही वरच्याच दाराकडे बघत होतो. येडे! खाली तसंच बटण होतं, तोच रंग, तीच कंपनी. एकाच सेटिंगच्या दोन बेल.

पण एकदा झालं म्हणजे योगायोग. माणूस आत गेल्यावर मी ते बटण दाबलं.

वर चपलांचा आवाज आला. धावत. दार आपटलं भिंतीवर. "थांबा, थांबा हं… जाऊ नका… आलेच मी!"

खालची बाई दार उघडून बघत होती. "जी, कहिए?"

"सॉरी… गलत घर," मी म्हटलं.

वृंदा खाली आली. मला बघून जिन्यातच थबकली. "काय झालं?"

"काही नाही."

खरंच तेच म्हणालो मी. सांगितलं तर ती जाणार होती. नाही सांगितलं तर उद्या परत शेंगदाणे, परत तिची गार बोटं. आणि वर काकू.

"सापडलं ना?" तिने विचारलं.

"नाही सांगितलं तर चालेल?"

तिचे डोळे भरून आले. "मला चालेल रे. पण आई आत्ता चपला न काढता गादीवर बसलीये, दाराकडे बघत. म्हणतेय, आज दोनदा आले."

मग मी वर गेलो. काकूंना सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या. मला वाटलं, रागावतील, हाकलतील.

"दोन्ही बेल एकसारख्या कशा?" त्यांनी विचारलं.

"कुणीतरी एकाच खोक्यातल्या घेतल्या असतील."

काकू एकदम हसल्या. "ह्यांनी! सोसायटीचे सेक्रेटरी होते ना. दिवाळीची भेट म्हणून जुन्या दिल्लीतून खोकंभर आणल्या, होलसेलमध्ये. मी म्हटलं होतं, स्वस्तातलं आणू नका हो, काहीतरी गडबड निघेल. आमच्याशिवाय कुणी लावलीच नाही, आणि खालचा फ्लॅट तेव्हा रिकामा होता. भाडेकरू नंतर आले, त्यांनी तिथे पडलेली लावली असेल…"

हसता हसता आवाज फाटला. वृंदाने त्यांना धरलं. ती म्हणाली, बाबा गेल्यापासून आई पहिल्यांदा रडली. मी खुर्चीसमोरचा गार चहा उचलून सिंकमध्ये ओतला. दुसरं काय करणार होतो?

क्लबच्या बोर्डावर हे कारण मी लिहिलं नाही. विचारलं तर म्हटलं, केस बंद.

निजामुद्दीनला त्यांना सोडायला गेलो. धुक्यात गाडीचे डबे अर्धेच दिसत होते. काकू खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर पिशवी घट्ट धरून. वृंदा दारात उभी.

"हात पुढे कर."

मला वाटलं, शेंगदाणे. तिने तळहातावर बेलचं बटण ठेवलं.

"बेलचा डबा आईच्या पिशवीत आहे. पुण्यात लावणार म्हणते." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "ह्याची रेंज किती असते रे?"

"एक मजला वर, एक मजला खाली. जास्तीत जास्त."

"इतकीच?"

"स्वस्तातली आहे ना."

गाडी हलली. मी डब्याबरोबर चालायला लागलो. तिने मफलर नाकावरून खाली ओढला. पूर्ण चेहरा… रडवेला, आणि तरी हसणारा.

"मग तेवढ्या जवळ यावं लागेल तुला," ती म्हणाली. "दार उघडल्यावर आईला तिथं कुणीतरी उभं दिसायला हवं, गुणी. आणि मलाही."

डबा धुक्यात गेला. मी बटण दाबलं नाही. मुठीत घट्ट धरून तिकीट खिडकीकडे निघालो.