उन्हाची बाजू

ऑक्टोबरातली दुपार होती, आणि अमेरिकेतलं स्टेट कॉलेज हे अख्खं गाव अंगणात वाळत घातल्यासारखं उन्हात पसरलं होतं. हिवाळ्याआधीचं शेवटचं कोवळं ऊन! कॅम्पसच्या बसमध्येही ज्याला त्याला उन्हाकडची खिडकी हवी होती. शरयूला मात्र सावलीतली सीट मिळाली होती. मांडीवरचे कागद चाळत ती मुकाट बसली होती.

"एक्स्क्यूज मी... तुमची सीट मला द्याल का? प्लीज?" कुणीतरी इंग्रजीत विचारलं.

तिनं वर पाहिलं. रुंद काठाची हॅट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट, हातात मोजे... आणि हॅटखाली दोन मिश्किल डोळे. शरयू उठली, त्यानं सोडलेल्या समोरच्या उन्हातल्या सीटवर जाऊन बसली आणि मराठीत पुटपुटली, "उन्हाला घाबरतोय! व्हॅम्पायर आहे की काय मेला!"

"मेलो नाही अजून," सावलीतून अस्सल मराठीत उत्तर आलं. "आणि रक्तही पीत नाही. कॉफी चालते."

शरयूच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं कागदांत तोंड लपवलं, पण हसू काही लपेना.

कॉफी झालीच. त्याचं नाव शैलेंद्र. मूळचा अकोल्याचा, धातुशास्त्रात पीएच.डी. करत होता आणि दिवसभर तळघरातल्या लॅबमध्ये भट्टीशी झुंजत होता. शरयू मिरजेची, मानसशास्त्राची विद्यार्थिनी. हॅलोविनच्या, म्हणजे तिथल्या भुताखेतांच्या सणाच्या आठवड्यात गावच्या लायब्ररीत तिला टॉक द्यायचा होता, आणि विषय होता व्हॅम्पायरच्या दंतकथांमागचं शास्त्र!

"म्हणजे बसमध्ये मला पाहून तुम्हाला सॅम्पल मिळाल्याचा आनंद झाला असणार," तो म्हणाला.

"झाला ना. पण सॅम्पल फारच बोलकं निघालं."

"बरं, मग मला सांगा, शहाणीसुरती माणसं व्हॅम्पायर शोधायला कबरी कशाला उकरायची?"

ती रंगात आली. "साथ यायची हो गावात. क्षयानं घरातलं एक माणूस जायचं, मग दुसरं, मग तिसरं. जंतू कुणाला ठाऊक? लोकांना वाटायचं, आधी गेलेलाच परत येऊन बाकीच्यांचं रक्त शोषतोय. मग कबर उघडायची. प्रेत वायूनं फुगलेलं, कातडी आक्रसल्यामुळं नखं वाढल्यासारखी, ओठांशी लाल पाणी... झालं! म्हणे, पिऊन गब्बर झालाय!"

शैलेंद्रनं समोरची चेरी-पायची बशी हळूच बाजूला सरकवली. "हे आपण खाताना बोलायला हवंच का?"

शरयू खळखळून हसली. "आणि रात्री जाग येते, पण हातपाय हलत नाहीत, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं, ते माहितीये? शरीर झोपलेलं, मेंदू तेवढा जागा. युरोपात त्याला व्हॅम्पायर म्हणाले."

"आणि आमच्या आजोळी मुंज्या!"

"बरोब्बर!" तिनं उत्साहानं टेबलावर थाप मारली, आणि तिची नजर त्याच्या हातांवर गेली. मोजे काढलेले तळवे चक्क पिवळे होते. "अय्या! हळद कधी लागली?"

"अजून मुलगी मिळायचीय," तो हसला, पण हात टेबलाखाली गेले. "गाजरं फार खातो मी... उन्हाची ॲलर्जी आहे जरा."

त्यानंतर शरयूला ढगाळ दिवस आवडायला लागले. आभाळ भरून आलं, की शैलेंद्र तळघरातून वर यायचा. मग दोघं मेपलच्या लाल पानांतून चर्र चर्र करत हिंडायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलंही नाही. सकाळी उठून शरयू पडदा सारायची आणि लख्ख ऊन पाहून "शी बाई!" म्हणायची. तिची रूममेट प्रतिमा म्हणायची, "तू वेडी झालीयेस, यार. लोक ऊन पडावं म्हणून तडफडतात इथं!"

अशाच एका ढगाळ सकाळी शरयू धावतपळत त्याच्या लॅबमध्ये शिरली. तिच्या हातात वर्तमानपत्राचं कात्रण होतं. "शैलेंद्र, टॉकचा क्लायमॅक्स मिळाला! पॉर्फिरिया! रक्तातला एक आजार आहे. ऊन सहन होत नाही. कुणीतरी म्हणतंय, व्हॅम्पायर म्हणजे हेच पेशंट. रक्त कमी पडायचं म्हणून ते दुसऱ्याचं प्यायचे! लोक खुर्चीवरून उडतील की नाही?"

शैलेंद्र हसला नाही. भट्टीच्या काट्याकडे बघत म्हणाला, "उडतील ना. छान आहे. मला... जरा काम आहे, शरयू."

पुढचे दिवस ढगाळच गेले, पण तो वर आला नाही. फोन केला तर रूमवरचा विनय सांगायचा, "लॅबमध्ये आहे." शरयूचं जेवणात लक्ष लागेना. कात्रण पुन्हा वाचताना ती एका ओळीवर थबकली... ऊन. हॅट. मोजे. त्या आजारावर देतात त्या गाजरातल्या कॅरोटीनच्या गोळ्या, त्यांनी पिवळी पडणारी कातडी... अगं आई गं!

ती तशीच तळघरात गेली. तो स्टुलावर बसला होता.

"मला आधीच का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार?" तो हळू आवाजात म्हणाला. "अकोल्याच्या उन्हात पीटीच्या तासाला हात जळायचे माझे. वर काही दिसायचं नाही, त्यामुळं सर म्हणायचे, सोंग करतो. आई रात्रभर ओल्या फडक्यानं पुसत बसायची. इथं आल्यावर एका डॉक्टरनं आजाराला नाव दिलं. इतकं हलकं वाटलं, शरयू... मी खोटारडा नव्हतो! आणि आता त्याच नावाला लोक व्हॅम्पायरचे सुळे लावतायत. आई तर म्हणते, मुलीकडच्यांना सांगूच नकोस."

शरयूच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आणि शास्त्राचंच म्हणशील," तो पुढं म्हणाला, "तर प्यायलेलं रक्त पोटात पचतं. त्यानं आजार कसा बरा होईल?"

"मी हे विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "पेपरात आलं म्हणून हुरळले मी. चुकलंच माझं."

"टॉक मात्र दे हं. मस्त बोलतेस तू... भूक मरते, पण मस्त बोलतेस."

त्या रात्री आणि पुढच्या दोन्ही रात्री तिनं टॉक पुन्हा लिहिला.

लायब्ररीचा हॉल संध्याकाळी भरला होता. शरयू क्षयाबद्दल, प्रेतांबद्दल, छातीवर बसणाऱ्या भुतांबद्दल बोलली. मग थोडं थांबून म्हणाली, "सध्या एका आजाराचं नाव फार घेतलं जातंय. पण खेड्यांतल्या जुन्या कथांतला व्हॅम्पायर दिवसाही हिंडायचा. उन्हात त्याची राख केली ती सिनेमानं. ज्यांना ऊन खरंच जाळतं, ती जिवंत माणसं आहेत. कुणी आपल्या शेजारी बसमध्येही बसत असेल. त्यांना दंतकथा करू नका."

मागच्या रांगेतली हॅट तेव्हा तिला दिसली, आणि पुढचं वाक्य ती साफ विसरली.

एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "पण मेलेला माणूस आपल्याच घरी का परत यायचा?"

"कारण घरच्यांना तो जायला नको असतो," शरयू म्हणाली. "माया आणि भीती, दोन्ही एकाच दारानं आत येतात."

तेवढ्यात मागं एक हात वर झाला. पिवळा तळवा, मोज्याशिवाय. शैलेंद्र उभा राहिला आणि भर सभेत सरळ मराठीत बोलायला लागला.

"शरयू, मला झोप नाही, भूक नाही. छातीवर काहीतरी बसलंय, पण मी टक्क जागा आहे. तुझ्याबरोबर समुद्रावर नाही येऊ शकणार मी. आपल्या मुलांनाही कदाचित हेच असेल. हे सगळं माहीत असून... लग्न करशील माझ्याशी?"

पहिल्या रांगेत प्रतिमानं दोन्ही हात तोंडावर दाबले. बाकीचे अमेरिकन श्रोते मोठ्या आदरानं ऐकत होते.

शरयूनं टेबलाची कड घट्ट धरली. गाल पेटले होते, पण तीही मराठीतच म्हणाली, "समुद्राचं काय घेऊन बसलास? मला पोहताच येत नाही. हो म्हणाले, वेड्या. बस आता खाली!"

अध्यक्षस्थानी तिचे प्राध्यापक होते. त्यांनी चष्मा सावरत विचारलं, "प्रश्न फारच गहन दिसतोय. आमच्यासाठी भाषांतर कराल का?"

"त्यांनी एक लक्षण सांगितलं, सर," शरयू इंग्रजीत म्हणाली, "आणि त्याला काही शास्त्रीय स्पष्टीकरण आहे का, असं विचारलं."

"आहे?"

"नाही, सर," ती म्हणाली. "अजिबात नाही."

आणि काहीच न कळता सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या.