गुळाचं पाणी प्यायलेले पाहुणे

चंद्रावरची मटकी पिवळी पडली होती, आणि ती का पडली हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

"बाजूला व्हा," भैरू म्हणाला. भैरू हा वसाहतीच्या काचघरातला माळीकाम करणारा यंत्रमानव. त्याच्या एका हाताला खुरपं होतं आणि डोक्यात नियम ठासून भरलेले होते. "पिवळा पडलेला वाफा उपटायचा आणि तिथे पालक लावायचा, असा नियम आहे."

वैजू हात पसरून वाफ्यासमोर उभी राहिली. वैजू म्हणजे वैजयंती मोहिते, वय वर्षं अकरा, आणि चंद्रावर आलेल्या सगळ्या कोल्हापूरकरांमध्ये सर्वांत हट्टी. आता कोल्हापूरकरांमध्ये सर्वांत हट्टी म्हणजे केवढी हट्टी, हे तुम्हीच समजून घ्या!

तिच्या हट्टाला कारणही तसंच होतं. तिचे आजोबा, आप्पा, वसाहतीचं भोजनगृह चालवायचे. येताना त्यांनी रुमालात बांधून मूठभर मटकी आणली होती. ती पिकवायची, मोड आणायचे आणि अख्ख्या वसाहतीला मिसळ खाऊ घालायची, एवढं एकच स्वप्न ते उराशी धरून बसले होते. पाकिटातली उसळ खाऊन सगळ्यांच्या जिभा केव्हाच रुसल्या होत्या. आणलेली मटकी झाडून सगळी या वाफ्यात पेरली होती. वाफा गेला की मटकी गेली, आणि आप्पांचं स्वप्नही गेलं.

"भैरू, थोडा थांब की रे!"

"कारण कळलं आणि उपाय सापडला, तर मुदत वाढते. आज संध्याकाळपर्यंत सांगा," भैरू म्हणाला आणि खुरपं घेऊन तिथेच उभा राहिला. वैजू धावत सुटली ती थेट बेनझीरमावशींच्या प्रयोगशाळेत. चंद्रावर वजन कमी, त्यामुळे ती धावली म्हणण्यापेक्षा उड्या मारत गेली असंच म्हणायला हवं.

बेनझीर मुजावर जिवाणूंचा (एकाच पेशीच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचा) अभ्यास करायच्या. त्यांनी येऊन एक रोप अलगद उपटलं. मुळं धुतल्यावर ती पांढरीशुभ्र आणि गुळगुळीत दिसली.

"इथंच तर घोटाळा आहे," मावशी म्हणाल्या. "मटकीच्या मुळांवर गाठी हव्यात. झाडाला वाढायला नत्र लागतो. हवेत तो भरपूर आहे, पण झाडाला तो हवेतून उचलता येत नाही. गाठींत राहणारे जिवाणू तो उचलतात आणि झाडाला देतात. झाड त्यांना बदल्यात साखर देतं. गाठी नाहीत म्हणून नत्र नाही, आणि नत्र नाही म्हणून पानं पिवळी."

"पण जिवाणू तर आपण घातले होते! पृथ्वीवरून बाटली आली तेव्हा आप्पांनी तिला ओवाळलंसुद्धा होतं."

"मग त्यानंतर काय झालं?"

एवढ्यात आप्पाच कमरेच्या फडक्याला हात पुसत आले. "काय हुतंय? पाव्हणं एवढ्या लांबनं आलं, त्यास्नी काय नुसतं पाणी पाजायचं? रोज गुळाचं पाणी घातलं. चांगलं घट्ट. आपल्या कोल्हापूरच्या गुळाचं!"

"कुठं घातलंत, आप्पा?"

"त्या तिकडच्या कोपऱ्यात. जिथं बाटलीतनं उतरलं तिथंच. पाव्हण्यानं जेवायला वाफाभर हिंडायचं व्हय?"

मावशींनी कोपऱ्यातली माती बोटावर घेतली. ती चिकट होती, बोटाला तार येत होती. मावशी आधी गालात हसल्या, मग खो खो हसायला लागल्या. वैजूला त्यांचा रागच आला. इथे मटकीच्या जिवावर बेतलंय आणि यांना हसू सुचतंय!

"भैरू, तुझा सूक्ष्मदर्शी डोळा उघड," मावशींनी सांगितलं. भैरूने मातीचा कण डोळ्याखाली धरला आणि समोरच्या काचेवर भलंमोठं चित्र उमटलं. पारदर्शक चिकात असंख्य बारीक कांड्या एकमेकींना खेटून पडल्या होत्या. एकही हलत नव्हती.

"मेले?" वैजूचं तोंड एवढंसं झालं.

"छे गं, मजेत आहेत! फक्त त्यांच्याकडे कशाभिका नाहीत. कशाभिका (जिवाणूची गरगर फिरणारी शेपटी) असली, की जिवाणू मातीतल्या ओलाव्यातून पोहत जातो. ती नसेल, तर मुळापर्यंत जायचं कसं?"

"गुळानं शेपट्या गळल्या?"

"तसं नाही. मला सांग, आप्पांना किती पदार्थ येतात?"

"ढीगभर!"

"मग रोज सगळे करतात का?"

"न्हाई बा," आप्पाच बोलले. "गिऱ्हाईक बघून करायचं. थालीपीठ कुणी मागतच नसलं, तर भाजणी कशाला भिजवायची?"

"जिवाणूही तेच करतो. त्याच्यात जनुकं असतात. जनुक म्हणजे एखादी वस्तू कशी बनवायची याची पेशीतली सूचना. शेपटीची सूचना प्रत्येकात असतेच, पण ती वाचायची की नाही, हे ठरवायला कळा असतात. मुख्य कळ चालू झाली की ती दुसरीला चालू करते, आणि दुसरी शेपटीच्या सगळ्या जनुकांना कामाला लावते. मुख्य कळच बंद झाली, तर खालचं सगळं गप्प."

"मग इथं ती मुख्य कळ बंद कशानं पडली?"

"प्रत्येक जिवाणू एक निरोपी रेणू बाहेर सोडत असतो. जिवाणू एकटा असला तर तो रेणू विरून जातो. तुमच्या गुळावर त्यांची प्रजा एवढी वाढली, की तिथं निरोपांची दाटी झाली. दाटी झाली की मुख्य कळ बंद पडते आणि चीक तयार करणारी जनुकं चालू होतात. शेपटी बनवायला आणि फिरवायला शक्ती फार लागते. जागच्या जागी पोट भरतंय, मग कशाला हिंडा?"

आप्पांनी कपाळाला हात लावला. "म्हंजे आग्रह करकरून मीच त्यास्नी बसवून ठेवलं!"

"म्हणजे शेपटी बंद होणं वाईटच?" वैजूने विचारलं.

"नाही गं. मुळाशी पोचल्यावर तीच बंद व्हायला हवी, नाहीतर ते तिथं घर कसं करणार? इथं ती प्रवासाआधीच बंद झाली."

वैजू विचारात पडली. गर्दीने कळ बंद होते, तर गर्दी मोडली की ती चालू व्हायला हवी! तिने कोपऱ्यातल्या मातीचे दोन कण घेतले. एक घट्ट गुळाच्या पाण्यात टाकला. दुसरा भरपूर साध्या पाण्यात ढवळून पातळ केला आणि त्यात उपटलेल्या रोपाची मुळं बुडवून ठेवली. मुळांतून थोडे थोडे रस पाझरतात, आणि त्यांच्या मागावर जिवाणू मुळाकडे येतात, हे ती शाळेत शिकली होती.

मग वाट बघणं आलं. दुपारचं जेवण झालं, पण वैजूचं लक्ष भाकरीत नव्हतंच. भैरूने पुन्हा डोळा उघडला, तेव्हा गुळातल्या कांड्या तशाच पडलेल्या होत्या. आणि दुसऱ्या पाण्यात? एक कांडी थरथरली. मग सुळकन निघाली. तिच्यामागे दुसरी, तिसरी, आणि बघता बघता सगळी झुंड मुळाच्या दिशेने सुटली!

"निघाले! आप्पा, पाहुणे निघाले!" वैजू एवढ्या जोरात उडाली की तिचं डोकं काचघराच्या दिव्यावर आपटलं.

"कारण कळलं. उपाय दिसला. मुदत वाढवली," भैरू म्हणाला. त्याने खुरपं खाली ठेवलं आणि स्वतःहून झारी उचलली. वैजूचा जीव भांड्यात पडला. त्या संध्याकाळी चौघांनी मिळून कोपऱ्यातली माती तशीच भरपूर पाण्यात ढवळली आणि ते पातळ पाणी प्रत्येक रोपाच्या बुंध्याशी घातलं. आप्पांनी गुळाचा डबा वैजूच्या हवाली केला. देताना त्यांना जरा जडच गेलं.

काही आठवड्यांनी नवी पालवी आली ती हिरवीगार. मावशींनी एक रोप उपटलं, तर मुळांवर गाठीच गाठी. एक गाठ फोडली, तर आत गुलाबी. "गुलाबी म्हणजे आत काम जोरात सुरू," त्या म्हणाल्या. आप्पांनी डोळे पुसले आणि फोडणीचा धूर गेला म्हणाले. चूल तेव्हा पेटलेलीसुद्धा नव्हती.

मग शेंगा वाळल्या, मटकीला मोड आले, आणि एके दिवशी सगळी वसाहत पंगतीला बसली. तर्रीच्या वासाने घुमट दरवळला. "नाद खुळा!" असं कुणीतरी ओरडलं, आणि तो शब्द कोणत्या नियमात बसतो हे भैरू शोधत राहिला.

आप्पा पळी घेऊन तिसऱ्यांदा वैजूपाशी आले. "घे गं. एवढीशीच."

वैजूने ताटलीवर दोन्ही हात आडवे धरले. तिच्या खिशात पुढच्या पेरणीसाठी ठेवलेली मूठभर मटकी होती.

"बास, आप्पा! आणखी वाढलंत तर माझी कळ बंद पडेल. मला अजून ही मटकी घेऊन मंगळावर जायचंय."