समोरची खुर्ची

पहिली

खुर्ची लाल प्लॅस्टिकची होती. घराजवळच्या क्लेमेंटीच्या बाजारातून आणलेली, घरात चार माणसं जास्त झाली तर असावी म्हणून. एरवी ती बाथरूमच्या दारामागे असायची आणि तिच्यावर ओले टॉवेल वाळायचे. तिच्यात काही नव्हतं. हे प्रबोधने पुढे स्वतःला बऱ्याचदा सांगितलं.

वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसात त्या महिन्यात त्याच्याकडे जरा वेगळं काम आलं होतं. एका प्रदर्शनासाठी बॅलेचा इतिहास पडद्यावर हलता करायचा होता. तीनशे वर्षांपूर्वीच्या नाचाच्या पानांचे स्कॅन आले होते. पानावर माणूस नव्हताच. होती ती फक्त जमिनीवरची वाट, एक वळणदार रेघ, आणि रेघेवर पावलांच्या बारीक खुणा. त्या वाचून संगणकाने बाहुली नाचवायची. बाहुलीला पावलं जमत होती, पण तोंड कुठे करायचं ते कळत नव्हतं. ती भिरभिरत जाऊन भिंतीत घुसायची.

स्कॅनबरोबर एक टिपण होतं. पानाची वरची बाजू म्हणजे राजा बसतो ती बाजू. तिथे काही लिहिलेलं नसतं. तेव्हा लिहायची गरज नव्हती.

टिपणात पुढेही बरंच होतं आणि प्रबोधने ते बसमध्ये उभ्या उभ्या वाचलं. हा नाच दरबारात वाढला. आधी राजा स्वतः नाचायचा. अंग सुटल्यावर तो खुर्चीत बसला, मग त्याच्यापुढे नाचायला पगारी माणसं आली. पावलं ठेवायच्या पाच जागा, पहिली ते पाचवी, त्याच काळात ठरल्या. पुढे नाच रंगमंचावर गेला, बुटांच्या टाचा गेल्या, बायका बोटांच्या टोकांवर उभ्या राहिल्या. राजे गेले. 'समोर' म्हणजे राजाची बाजू, हे मात्र तसंच राहिलं.

दुसरी

रविवारी दुपारी त्याने सोफा भिंतीला लावला आणि हॉलच्या फरशीवर मास्किंग टेपने रेघ ओढली. पान दोघांच्या नाचाचं होतं. रेघा दोन होत्या, एकमेकींच्या आरशातल्यासारख्या. दुसरीच्या जागेवर सोफा येत होता, म्हणून ती सोडून दिली. अकरा वर्षांची अवनी, त्याची मुलगी, चार वर्षं मिस ओंगकडे बॅले शिकत होती. तिच्या कपाळावर त्याने सेन्सरची पट्टी बांधली. डोकं कुठे वळतं, नजर किती उंचीवर जाते, ते लॅपटॉपवर दिसायचं.

"फ्रंट कुठे, बाबा?"

प्रबोधने लाल खुर्ची आणून खिडकीपाशी ठेवली. आणि पोरीला हसवायला, कमरेत वाकून खुर्चीला म्हणाला, "या महाराज, बसा. प्रवास कसा झाला?"

अवनी हसली, आत पळाली आणि पाण्याचा ग्लास घेऊन आली. घरी कोणी आलं की आधी पाणी द्यायचं, हे तिला शिकवलेलं होतं. ग्लास तिने खुर्चीशेजारच्या स्टुलावर ठेवला. मग नाचली. एकदाही चुकली नाही. शेवटी वाकून मुजरा केला, बॅलेचा प्रत्येक वर्ग संपताना करतात तसा.

अनघा, प्रबोधची बायको, स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. "बसा म्हणालास खरा," ती म्हणाली, "आता उठा कोण म्हणणार? तुला खऱ्या पाहुण्यांनाही सांगता येत नाही."

नजरेची सरासरी उंची: ११८ सें.मी.

खुर्चीची पाठ ८० सेंटिमीटरवर संपत होती. प्रबोधने दोनदा मोजलं, मग तोच आकडा बाहुलीला दिला. बाहुली सरळ नाचली.

तिसरी

(राहू द्या. ही जागा हल्ली कोणी वापरत नाही. मिस ओंगच्या वर्गात पहिली, दुसरी, चौथी, पाचवी, असंच चालतं.)

चौथी

सोमवारी अवनी हॉलमधून जेवायला आली ती मागे मागे चालत. प्रबोधने विचारलं, हा काय नवा गेम?

"त्यांना पाठ नाही दाखवायची."

घरात मराठी बोल म्हणून अनघा रोज तिच्या मागे लागायची, आणि ती "कॅन, लाह" म्हणून इथल्या मुलांच्या इंग्रजीतच बोलत राहायची. हे वाक्य तिने कोणी न सांगता मराठीत म्हटलं. आणि 'त्यांना' म्हणाली.

बुधवारी शाळेतून आल्यावर ती, रोजच्यासारखी कपाळाला पट्टी बांधून, टेपच्या रेघेवर नाचली. मुजरा केला. थांबली. पुन्हा पहिल्यापासून नाचली. सहाव्या खेपेला प्रबोधला फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले, पायाच्या करंगळीच्या बाजूचे. त्याने विचारलं, कधी संपतो हा नाच? ते उठले की, ती म्हणाली. त्याने तिला उचलून आत नेलं. नेताना तिचं तोंड त्याच्या खांद्यावरून हॉलकडेच होतं.

गुरुवारी मिस ओंगचा फोन आला. अवनीचा मुजरा फार सुंदर झाला आहे म्हणाल्या. फक्त तो ती शिक्षकांना करत नाही, पियानो वाजवणाऱ्यांनाही नाही. खिडकीच्या कोपऱ्याकडे करते. आणि बाकीच्या मुली बूट बदलून गेल्या तरी वाकलेलीच राहते, कोणीतरी परवानगी द्यायची असल्यासारखी.

सोमवार ११८. मंगळवार ११८. बुधवार ११८. गुरुवार ११८.

पोरीची नजर इतकी स्थिर राहत नाही. कोणाचीच राहत नाही.

पाचवी

शनिवारी सकाळी अनघा ऑफिसला गेली होती. जाताना म्हणाली, मी येईपर्यंत ती खुर्ची घरात नको. प्रबोधने टेप ओरबाडून काढली, ग्लासातलं पाणी सिंकमध्ये ओतलं, खुर्ची लिफ्टमधून खाली नेली आणि टपालपेट्यांपाशी सोडून आला.

वर आला तेव्हा अवनी हॉलमध्ये उभी होती. कपाळाला पट्टी. फरशीवर टेपच्या डिंकाची चिकट रेघ उरली होती, तिच्यावरच तिची पावलं होती.

"बाबा, खुर्ची का काढलीस?"

"संपलं ते. चल, लायब्ररीत जाऊ या."

"आता ते उभे आहेत."

प्रबोधने लॅपटॉपकडे पाहिलं.

१५९.

"उठले की संपतं, असं तूच म्हणालीस ना?"

"त्यांनी स्वतः उठायचं असतं," अवनी म्हणाली. "तू उठवलंस."

१५९. १५७. १५९. आकडा खालीवर होत होता, कोणी चालताना डोकं होतं तसा.

तो पळत खाली गेला. खुर्ची होती तिथेच होती. लिफ्टमध्ये त्याने ती दोन्ही हातांनी धरली. वर आणून खिडकीपाशी ठेवली, पाणी भरून आणलं, ग्लास स्टुलावर ठेवला.

"बसा," तो म्हणाला. या वेळी हसवायला नाही.

अवनीची नजर खाली आली नाही.

नजर खिडकीवरून सरकली. हळू, वळण घेत, भिंतीच्या कडेने. ते वळण प्रबोधला पाठ होतं. पानावरची दुसरी रेघ.

नजर सोफ्यापाशी येऊन थांबली.

प्रबोधने सोफा बाजूला ओढला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. वाटेत होता म्हणून.

तिसरी

अवनीने उजवी टाच डाव्या पावलाच्या बरोबर मध्यावर टेकवली. असं उभं राहायला तिला कोणी शिकवलं नव्हतं. मग तिने उजवा हात बाजूला, खांद्याच्या उंचीवर, पुढे केला.

बेल वाजली. दोनदा. "प्रबोध," बाहेरून अनघाचा आवाज आला, "अरे उघड, किल्ली विसरलेय. खुर्ची टाकलीस ना?"

प्रबोध दाराकडे निघाला. मागे मागे, एकेक पाऊल, कडी चाचपत. म्हणून त्याला शेवटपर्यंत दिसत होतं. अवनीचा हात तसाच होता, एकटा, हवेत. फक्त तिच्या चार बोटांची टोकं पांढरी पडली होती, कोणी घट्ट धरल्यावर पडतात तशी.