बाबांसाठी बघितलेले सिनेमे

दुपारची जेवणं आटोपली की बाबा आपल्या खुर्चीत येऊन बसायचे. खुर्ची टीव्हीच्या अगदी समोर होती, डोळे शाबूत असताना होती तिथेच. डोळे जाऊन वर्ष उलटलं होतं, तरी बसायच्या आधी ते चष्मा पुसायचे आणि नाकावर चढवायचे. मग मान जरा उजवीकडे कलवायचे, कारण उजव्या बाजूच्या खुर्चीत सूनबाई बसायची आणि पडद्यावर काय चाललंय ते त्यांना सांगायची.

घरात तिला सगळेच सूनबाई म्हणत. सगळे म्हणजे बाबा आणि नवरा. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर सकाळी जायचा तो अंधार पडताना यायचा. सूनबाई घरीच दातांच्या कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर साचे पाठवत. ती मेणात हिरड्या घडवून त्यात दात बसवायची. आतल्या खोलीत तिचं टेबल होतं, त्यावर कुणाकुणाचे जबडे वासून पडलेले असायचे.

"आज काय लावू बाबा, पिक्चर की डॉक्युमेंटरी?"

"डॉक्युमेंटरी. कालचा पिक्चर अगदीच पाणचट होता. नायक सारखा धावतोय, पण पोहोचायचंय कुठे ते त्यालाही माहीत नाही."

बाबांनी उभा जन्म जमीन मोजण्यात घालवला होता, त्यामुळे त्यांची मतंही मोजूनमापून असायची. डोंगर दाखवताना व्हायोलिन वाजलं की ते वैतागत. "डोंगराला कधी असं वाजतं का?" असं म्हणत. पिक्चर परदेशी असला तर सूनबाई खालची अक्षरं वाचून दाखवायची. आठवडाभराची मतं साठली की बाबा आपल्या जुन्या दोस्ताला फोन करायचे. पूर्वी बाबा दुर्बिणीला डोळा लावत, तेव्हा हा दोस्त समोर काठी धरून उभा राहायचा. आता तोही घरीच असायचा आणि तेच सिनेमे बघायचा.

सुरुवातीला सूनबाई मन लावून सांगायची. कुणी कुठला सदरा घातलाय, कुणाच्या डोळ्यांत पाणी आलंय, सगळं. मग कामं वाढली. डॉक्टरांचे निरोप यायला लागले की अमुक आजी आठवडाभर पेजेवर आहेत, कवळी कधी देताय. सूनबाई मेणाचा साचा मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसायला लागली. मान खाली घालून कोरता कोरता ती म्हणायची, "अजून जंगलच दाखवतायत, बाबा."

"लांबवलंय," बाबा म्हणायचे.

एकदा तर तिने कहर केला. लांबलचक पिक्चर होता. मुलाच्या शोधात निघालेली आई गावोगाव फिरत होती. तिकडे भट्टीत प्लास्टर तापत होतं. पिक्चर बराच शिल्लक असताना सूनबाईने आवाज हळूहळू कमी केला आणि म्हणाली, "सापडला मुलगा. स्टेशनवर भेटले दोघं. संपला, बाबा."

"अरे!" बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. "मला वाटलं होतं रडवणार. छान केलं."

त्या आठवड्यात ती आतल्या खोलीत काम करत असताना बाहेर बाबांचा फोन चालू होता. दोस्ताचा आवाज मोठा असल्याने पलीकडचंही ऐकू यायचं.

"कुठलं स्टेशन? मुलगा गेलेला असतो ना. तिला नुसते त्याचे बूट मिळतात."

"तू डुलकी काढली असशील."

"मी नाही, तुझ्या सुनेने काढली असेल."

"हे बघ," बाबांचा आवाज चढला, "ती पोर स्वतःचं काम बाजूला ठेवून माझ्याशेजारी बसते. ती कशाला खोटं सांगेल?"

सूनबाईच्या हातातला दात मेणात वाकडा बसला. तो तिने काढला, पुन्हा बसवला, पुन्हा काढला. बाहेर जाऊन सांगून टाकावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ती गेली नाही. संध्याकाळी तिने बाबांना नेहमीपेक्षा जास्त साय घालून चहा दिला आणि मनाशी ठरवलं की यापुढे ते म्हणतील त्याला नाही म्हणायचं नाही.

दुसऱ्याच दिवशी बर्फाळ प्रदेशावरची डॉक्युमेंटरी लागली होती. बर्फात खड्डा खणून त्याची जाडी मोजायला गेलेल्या माणसांची गोष्ट होती. बाबा खुशीत होते. मधेच ते म्हणाले, "ती मागे उभी आहे, ती कोण?"

"कुठे, बाबा?"

"तंबूच्या डाव्या अंगाला."

सूनबाईने मान वर केली. पडद्यावर खरंच तंबू होता. तंबूबद्दल आपण बोललो होतो की नाही ते तिला आठवेना. बर्फात गेलेल्या माणसांकडे तंबू असणारच, तिने स्वतःची समजूत घातली. डाव्या अंगाला मात्र नुसतं पांढरं होतं.

नाही म्हणायचं नाही, हे कालचंच होतं.

"हो, आहे एक बाई," ती म्हणाली.

"अंगावर काय आहे?"

"शाल. पिवळी."

"पिवळी?" बाबांनी मान जरा तिच्याकडे वळवली. मग म्हणाले, "बरं."

तेव्हापासून शालवाली रोजचीच झाली. कोर्टातल्या पिक्चरमध्ये ती मागच्या बाकावर असे, हॉटेलातल्या पिक्चरमध्ये जिन्यापाशी. बाबा विचारत, "आज कुठेय?" आणि सूनबाई सुचेल ते सांगे. यात तिला गंमतही वाटायला लागली. रात्री तिने नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. "बाबांना तेवढाच विरंगुळा. बाईला अधूनमधून नाचव की."

बाबांना मात्र शालवालीचं काम फार आवडायचं. "बाकीचे सगळे अभिनय करतात," ते म्हणायचे. "ही नुसती उभी राहते. अशी माणसं हल्ली मिळत नाहीत."

त्यानंतर माशांवरची एक डॉक्युमेंटरी लागली. त्यात एकही माणूस नव्हता. होता तो निवेदकाचा आवाज आणि पडद्यावर काळं-निळं पाणी.

"आज शालवाली?" बाबांनी विचारलं.

"बोटीवर आहे, बाबा. वरून बघतेय."

बाबांनी मान हलवली. मग शांतपणे म्हणाले, "नाही गं. खाली आहे. तळाशी."

पडद्यावर तळ होता. वाळू, खडक आणि त्यांच्यावरून हळूच सरकणारा उजेड. सूनबाईने सगळीकडे बघितलं. कुणी नव्हतं. तरी तिने साचा मांडीवरून उचलून खाली ठेवला आणि पाय खुर्चीवर ओढून घेतले.

"बघ, केस कसे वर तरंगतायत," बाबा म्हणाले.

त्या दिवसापासून सूनबाईला त्या दुपारी नकोशा झाल्या. खोटं आपणच सुरू केलं, तेव्हा संपवायचंही आपणच, असं तिला वाटायला लागलं. नवरा म्हणाला, "म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात भरवलंस तू, आता तूच काढ." हे तो हसत म्हणाला नाही.

डोंगरातल्या मालगाडीवरचा एक पिक्चर लागला तेव्हा तिने संधी साधली. गाडी एका उंच पुलावर आली होती.

"बाबा, शालवाली पुलावर उभी होती," ती भरभर म्हणाली. "पाय घसरला. खाली पडली. गेली ती."

गाडी बोगद्यात शिरली, पलीकडे बाहेर पडली.

"तिचा पाय घसरला?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मला काही ऐकू आलं नाही."

"गाडीचा आवाज होता ना."

"टीव्ही बंद कर," बाबा म्हणाले.

त्यांनी चष्मा काढून मिटला आणि खिशात ठेवला. नंतर बरेच दिवस तो बाहेर आला नाही. जेवण झालं की ते खिडकीशी जाऊन बसत. दोस्ताचे फोन आले, ते "बरं आहे, बरं आहे" एवढ्यावर आटोपत. ताटातलं अर्धं तसंच राहायला लागलं. सूनबाईने बोलवून बघितलं, आर्जवं केली, डोंगरावरची नवी डॉक्युमेंटरी शोधून ठेवली. एका दुपारी ती मुद्दाम म्हणाली, "बाबा, शालवाली परत आलीय बरं का. वाचली ती."

बाबा उठून आले. खुर्चीत बसले, मान उजवीकडे कलवून त्यांनी कान दिला. थोड्या वेळाने उठले.

"तिथे कुणी नाहीये," ते म्हणाले आणि भिंतीला हात लावत खिडकीकडे परत गेले.

सूनबाईला रडू कोसळलं. ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि सगळं बोलून गेली. शालवाली कधी नव्हतीच. तंबूपाशी नव्हती, कोर्टात नव्हती, पुलावर नव्हती. स्टेशनवर मुलगा भेटलाच नव्हता, आईला नुसते बूट मिळाले होते. जंगल दाखवतायत म्हणाली तेव्हा जंगल कधीच संपलेलं होतं.

"मी थापा मारल्या, बाबा. तुम्हाला दिसत नाही म्हणून मारल्या."

बाबांनी चाचपडत तिचा हात धरला. त्यांचा हात कोरडा आणि गरम होता.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"माहीत होतं?"

"शाल राखाडी आहे गं. तू पिवळी म्हणालीस, मी काही बोललो नाही. म्हटलं, कामाच्या गडबडीत नीट बघितलं नसेल."

सूनबाईने हात सोडवून घेतला.

"तू दमतेस," बाबा मायेने म्हणाले. "शालवाली काल इथे खिडकीशी आली, तीच म्हणाली मला. रागावली नाहीये ती तुझ्यावर. उद्यापासून तू तुझं काम कर, मला नुसता टीव्ही लावून दे."

नवऱ्याने हे ऐकून घेतलं, डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. डॉक्टर म्हणाले, डोळे गेलेल्या माणसांना कधीकधी दिसतं असं काहीतरी. घाबरायचं कारण नाही. जेवतायत ना आता?

बाबा जेवत होते. पोटभर जेवत होते. चष्मा पुसून नाकावर चढवत होते. सूनबाई टीव्ही लावून आतल्या खोलीत जायची आणि टेबलाशी बसायची. उजवीकडची खुर्ची रिकामी असायची. बाहेर परदेशी भाषेतला पिक्चर चालू असायचा, खालची अक्षरं वाचणारं कुणी नसायचं आणि बाबा हसण्याच्या जागी हसायचे.

"हात्तिच्या! चिठ्ठी तिच्याच पर्समध्ये होती होय!"

तिने दारातून वाकून बघितलं. पडद्यावरची बाई मुकाट्याने पर्समधून चिठ्ठी काढत होती.

आठवड्याने दोस्ताचा फोन आला. बाबांनी पिक्चरची गोष्ट सुरुवातीपासून शेवटापर्यंत सांगितली.

"आत्ता कसं," दोस्त पलीकडून म्हणाला. "आता नीट बघायला लागलास."

"आता सांगणारं नीट आहे," बाबा म्हणाले. "काही गाळत नाही."

ते कुणाला टोचावं म्हणून बोलले नव्हते. सूनबाईला मात्र ते दिवसभर टोचत राहिलं. भीती होतीच, पण भीतीच्या खाली दुसरंच काहीतरी होतं. कुणीतरी तिची जागा घेतली होती आणि ते काम तिच्यापेक्षा चांगलं करत होतं. जागा तिनेच रिकामी करून दिली होती.

शेवटी एका दुपारी तिने ठरवलं की पुन्हा आपण बसायचं. कामं बाजूला ठेवायची, एकही शब्द न गाळता सांगायचं, बाबांची माफी मागायची. तिने हात धुतले. बाहेरचा आवाज थांबला होता. पिक्चर संपला असावा.

ती दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

टीव्ही बंद होता. पडदा काळा.

बाबा खुर्चीत होते. मान उजवीकडे कललेली. ऐकत होते.

उजवीकडची खुर्ची ती ठेवायची त्यापेक्षा जवळ होती. बाबांच्या खुर्चीला चिकटलेली.

बाबा मधेच मान डोलवत. मधेच "हं" म्हणत.

सूनबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिने तोंडावर हात दाबून धरला. आवाज येऊ दिला नाही.

"अगं, दारात उभी राहून काय रडतेस?" बाबा वळून न बघता म्हणाले. "आत ये. हात ओले आहेत, ते तरी पूस आधी."



तिचा पाय मागे सरकला, अगदी थोडा.

बाबांनी रिकाम्या खुर्चीकडे कान दिला. ऐकता ऐकता त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू कमी होत गेलं. त्यांनी हात वर करून थांबवल्यासारखं केलं.

"नको," ते हळूच त्या खुर्चीला म्हणाले. "तिचा शेवट आत्ताच नको सांगूस."