तो आधीच पोचलेला असायचा

"विनीताताई, तो आजही होता. माझ्या आधी."

फोनवर आरतीचा आवाज इतका बारीक येत होता की विनीताताईंनी उठून पंखा बंद केला.

"आत्ता कुठं आहेस?"

"बेहाला चौरस्त्यावर, औषधांच्या दुकानात. टॉलीगंजच्या शाळेत मुलाखत होती. तो फाटकासमोर उभा होता."

"जवळ आला?"

"नाही. रस्त्यापलीकडून हात वर केला. म्हणाला, 'तू जाशील तिथं मी आधी.' आणि हसला."

"तिथंच थांब. मी येते."

विनीताताई बँकेच्या संगणक तपासणी विभागातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या होत्या. आजोबांच्या काळापासून घर कलकत्त्यातलंच. कोण कुणाच्या पासवर्डने काय उद्योग करतो, हे शोधण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती, त्यामुळे माणसांवरचा विश्वास जरा बेताचाच उरला होता. तिथल्या मराठी मंडळातले लोक त्यांना मागून चित्रगुप्त म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

आज मात्र त्यांना काही आवडण्यासारखं नव्हतं. आरती सत्तावीस वर्षांची. नवऱ्यानं, सलीलनं, तिचा डावा हात दोनदा मोडला होता. दुसऱ्यांदा प्लास्टर निघालं त्या दिवशी तिनं नाशिक सोडलं आणि ती कलकत्त्याला सरलामावशीकडे, विनीताताईंच्या मैत्रिणीकडे, आली. तिचा फोन सलील वाचायचा, म्हणून तो तिनं वाटेत फेकून दिला. आता बटणांचा साधा फोन, आणि बाकी सगळं मावशीच्या घरच्या संगणकावर.

इथल्या पोलीस ठाण्यात तक्रार दिली होती. त्यांनी ती लिहून घेतली आणि विचारलं, "पण त्यानं इथं अजून काही केलंय का?"

सरलाच्या घरी विनीताताईंनी आरतीला संगणकासमोर बसवलं. सरला चहा ठेवायला आत गेली.

"पहिल्यांदा कधी दिसला?"

"तीन आठवडे होतील. हावड्याला बायकांचं वसतिगृह बघायला गेले, तर समोर चहाच्या टपरीवर बसलेला. मग वकीलबाईंच्या ऑफिसात. मी पोचले तेव्हा तो आत खुर्चीवर होता. आणि आज."

"कुठं जाणार, हे कुणाला सांगितलं होतंस?"

"हावड्याचं मावशीला. नंतर कुणालाच नाही. भिंतीलासुद्धा नाही."

"मग कळलं कसं? पाठलाग?"

"पाठलाग करणारा मागून येतो ना, ताई? हा पुढे असतो."

विनीताताईंनी तिच्याकडे कौतुकानं पाहिलं. पोरगी घाबरली होती, पण अक्कल शाबूत होती.

"बाजारात, देवळात दिसला कधी?"

"नाही. तिथं रोज जाते मी."

"इथं, घराच्या आसपास?"

"एकदाही नाही."

"आणखी कुठं गेली होतीस?"

आरतीनं मान खाली घातली. "डॉक्टरीणबाईंकडे. मावशी बरोबर होती. तिथं नव्हता आला."

"तो दवाखाना शोधलास कसा?"

"इथंच. पण प्रायव्हेट विंडोत. लाज वाटली, घरात सगळेच हा संगणक वापरतात. नंतर काका म्हणाले, ती विंडो वापरत जाऊ नकोस, त्यात अपडेट नीट लागत नाहीत. तेव्हापासून साधीच वापरते."

संगणकाच्या वर भिंतीवर एक कागद चिकटवला होता. आरतीचे काका, सरलाचे यजमान श्यामकांत, सरकारी कंपनीच्या खरेदी विभागात होते. तीन कोटेशनं मागवल्याशिवाय ते घरात झाडूही आणत नसत. आरतीला सुरक्षित ब्राउझर हवा होता, तर त्यांनी तीन ब्राउझरांचा तुलनात्मक तक्ता केला होता. सुरक्षेचे अपडेट किती लवकर येतात, मागावर राहणाऱ्या जाहिराती अडवतो का, खोट्या साइटची सूचना देतो का, पासवर्ड कसे जपतो. प्रत्येकाला दहापैकी गुण, खाली सही, तारीख.

"तारीख गेल्या महिन्याची. हा ब्राउझर घालूनही तीन आठवडे नि चार दिवस झाले," विनीताताई म्हणाल्या. "निवड मात्र पक्की आहे. मीही हाच घेतला असता."

"मी त्यात माझं खातंबितं काही उघडलेलं नाही हं. काकांनी घालून दिला, तसाच वापरते."

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटं पिवळं वर्तुळ होतं, आत जास्वंदीचं फूल.

"हे तू लावलंस?"

"नाही. ते त्याच्याबरोबरच आलं. शोभेचं असेल."

विनीताताई काही बोलणार, तेवढ्यात खालच्या मजल्यावरचा प्रमोद आला. घरचं वायफाय त्यानंच बसवून दिलं होतं. मंडळाच्या प्रत्येक घरातलं मशीन त्याच्या हाताखालून गेलेलं, आणि तोंडाला कुलूप म्हणून नाही.

"पासवर्ड तुझ्याकडे आहे ना रे वायफायचा?"

"आहे की. का?"

"आणि आरती इथं आहे, हे किती जणांना सांगितलंस?"

प्रमोद लालबुंद झाला. "ताई, मंडळात एकदाच बोलून गेलो. शपथ."

सरला चहा घेऊन आली. ती नाशिकला बहिणीशी, आरतीच्या आईशी, रोज बोलायची. विनीताताईंनी तेही विचारलं. सरलाच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्यावर संशय, विनीता?"

"सगळ्यांवर आहे," विनीताताई म्हणाल्या. त्यांना हे बोलताना वाईट वाटलं, पण आरतीच्या हाताचं हाड वाकडं जुळलेलं समोर दिसत होतं.

संध्याकाळी श्यामकांत आले. सज्जन माणूस. बूट काढून जागच्या जागी ठेवले, आरतीच्या डोक्यावरून हात फिरवला. "पोरी, असं किती दिवस पळणार? माणूस सुधारतो कधीकधी." मग विनीताताईंना म्हणाले, "तुम्ही आलात, बरं झालं. काही धागादोरा?"

"अजून नाही, श्यामराव. अंधारात चाचपडतेय."

निघताना जिन्यात विनीताताईंनी आरतीला जवळ ओढलं. कलकत्त्याबाहेर बजबजला मुलींची एक निवासी शाळा होती. तिथल्या मुख्याध्यापिका विनीताताईंच्या ओळखीच्या. सोमवारी आरतीनं तिथं रुजू व्हायचं, राहायचंही तिथंच. ही जागा सलीलला कळली तर लपायला दुसरी जागा उरणार नव्हती.

"उद्या साध्या विंडोत हावड्याहून मुंबईला जाणारी सोमवारची दुपारची गाडी बघ. वेळ, फलाट, महिला प्रवाशांचं आरक्षण, सगळं उघडून बघ. आणि बजबजची लोकल प्रायव्हेट विंडोत. नीट लक्षात ठेव. उलट झालं तर मी तुला वाचवू शकणार नाही."

"ताई, त्याला कळवतो कोण?"

विनीताताईंनी उत्तर दिलं.

सोमवारी सकाळी ती एक पिशवी घेऊन बाहेर पडली. बेहालाहून मेट्रोनं माझेरहाट, तिथून लोकल. दुपारी तीन वाजता सरलाच्या बैठकीत तिघंच होती. सरला, ऑफिसातून मुद्दाम बोलावून घेतलेले श्यामकांत, आणि विनीताताई. बाहेरून रिक्षावाल्यांची भांडणं ऐकू येत होती.

विनीताताईंचा फोन वाजला. पलीकडे प्रमोद होता, हावडा स्टेशनवरून.

"ताई, आलाय! मुंबईच्या गाडीचा डबा न् डबा धुंडाळतोय. फोटो काढलेत."

"त्याच्या वाटेला जाऊ नकोस. घरी ये." त्यांनी फोन ठेवला. "सलील हावड्याला आहे. आरती गाडीत नाही."

श्यामकांतांनी कपाळावरचा घाम पुसला.

"मी सांगते काय झालं ते. एक गोष्ट पहिल्यापासून खटकत होती," विनीताताई म्हणाल्या. "आरतीनं शोधलेल्या प्रत्येक ठिकाणी तो आला, एक ठिकाण सोडून. डॉक्टरीणबाई. ते ठिकाण सरलाला माहीत होतं, ती बरोबर होती. सरला फितूर असती तर तो तिथंही आला असता. म्हणून सरला सुटली."

सरलानं पदर तोंडाला लावला.

"प्रमोद वायफायवरून डोकावत असता, तर त्याला प्रायव्हेट विंडोची अडचण नव्हती. ती विंडो फक्त घरातल्या मशीनवर मागे काही ठेवत नाही. वायफायवाल्यापासून ती काही लपवत नाही. म्हणून प्रमोदही सुटला, आणि म्हणूनच मी त्याला सलीलचा फोटो देऊन हावड्याला पाठवलं. राहतो तो असा माणूस, ज्याला आरतीनं उघडलेल्या पानांची यादी हवी होती, आणि जी यादी प्रायव्हेट विंडोत बनत नव्हती. मग त्यानं तिला ती विंडोच वापरू नकोस म्हणून सांगितलं. अपडेटचं कारण देऊन. श्यामराव, ते कारण खोटं आहे. ज्यानं इतका चोख तक्ता केला, त्याला हे माहीत नसेल?"

"मी... कुणीतरी मला तसं सांगितलं होतं."

विनीताताई संगणकाकडे गेल्या आणि त्यांनी जास्वंदीच्या वर्तुळावर क्लिक केलं. "ही शोभा नाही. हे खातं आहे. तुम्ही ब्राउझर घातलात तेव्हाच त्यात एक खातं उघडून ठेवलंत. या खात्याचा पासवर्ड ज्याच्याकडे आहे, त्याला इथं उघडलेलं पान न् पान आपल्या फोनवर दिसतं. ही बघा जोडलेल्या उपकरणांची यादी. एक हा संगणक. दुसरा, सलीलचा फोन. आणि पासवर्ड विसरला तर कुठल्या नंबरवर कळवायचं? शेवटचे दोन आकडे वाच, सरला."

सरलानं वाचले. मग नवऱ्याकडे पाहिलं. तिला बाकीचे आकडे बघायची गरज नव्हती.

"आणखी एक. टॉलीगंजला आधी पोचणाऱ्याला बेहालातलं मावशीचं घर सापडत नाही? सापडलं होतं. इथं यायचं नाही, असं त्याला बजावलेलं होतं. या दाराशी तमाशा झाला तर कुणाचं नाक कापलं जाणार होतं?"

श्यामकांतांनी तक्त्याकडे पाहिलं.

"मी त्याला एका शब्दानं काही सांगितलं नाही," ते म्हणाले. "पासवर्ड तेवढा दिला. त्याचं तो बघत होता. रडला हो तो फोनवर! म्हणाला, एकदा भेटू द्या, समजूत घालतो. मुलीचा संसार जुळावा, एवढंच माझ्या मनात होतं."

तेव्हाच टेबलावरचा त्यांचा फोन वाजला. सलील. सरलानं तो उचलून स्पीकरवर टाकला आणि नवऱ्यासमोर धरला. विनीताताईंनी आपल्या फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं.

"काका, ती नाहीये इथं. सगळे डबे बघितले." आवाज गोड होता. "तुमच्याकडेच आहे का?"

"सलीलराव, तुम्ही फक्त समजूत घालणार होतात ना?"

"समजूतच घालणार. मागच्या दोन वेळा हात मोडून अक्कल आली नाही, आता पाय मोडतो. म्हणजे घरात बसेल. सांगा ना काका, कुठं लपवलीय?"

श्यामकांत म्हणाले, "मला माहीत नाही." सरलानं फोन बंद केला.

"हे आजच ठाण्यात जाईल," विनीताताई म्हणाल्या. "आता 'काही केलंय का' असं कुणी विचारणार नाही."

"आरतीला कळलंय? की मीच..." श्यामकांतांनी विचारलं.

"तीन दिवसांपूर्वीच. तिनंच मला गळ घातली, की मी गेल्यावर बोला. काकांची मान खाली गेलेली मला बघवणार नाही म्हणाली."

श्यामकांत हुंदका देऊन रडले. कुणी त्यांना गप्प केलं नाही.

सरलानं डोळे पुसले आणि पायांत चपला घातल्या. "विनीता, मला तिच्याकडे जायचंय. पोरगी एकटी असेल. पत्ता सांग."

विनीताताई बोलणार तोच श्यामकांत खुर्चीवरून उठले. "तो पत्ता माझ्या कानावर नको," ते म्हणाले. कुणाकडेही न बघता ते बाल्कनीत गेले आणि दार त्यांनी बाहेरून घट्ट ओढून घेतलं.